केमोनंतर प्लेटलेट उतरतात तेव्हा: दिवस मोजणं, घर सांभाळणं आणि दाते तयार ठेवणं

केमो दिली त्या दिवशी प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, उतरत नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. डे-केअरमधून सुटी होते, माणूस गडचिरोलीला, यवतमाळला किंवा पलीकडे बालाघाटला आपल्या घरी पोहोचतो. आठवडाभर बरं वाटतं, आणि मग एका सकाळी चूळ भरताना पाणी लाल दिसतं. घरच्यांना वाटतं, अचानक झालं. तसं नसतं. केमो रक्तात आधीपासून फिरणाऱ्या प्लेटलेटना फारसा हात लावत नाही, ती हाडांतल्या मगजात, म्हणजे बोनमॅरोत, नव्या प्लेटलेट तयार होणं थांबवते. प्लेटलेटचं आयुष्य साधारण ८ ते १० दिवसांचं. कारखाना बंद पडला तरी दुकानातला माल काही दिवस पुरतो, तसं हे आहे.

म्हणून पहिलं काम कॅलेंडरवरचं. केमोचा दिवस हा पहिला दिवस धरा आणि तिथून मोजा. बहुतेक औषधांत प्लेटलेट १० ते १४ व्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सावरतात. कार्बोप्लॅटिनचा तळ उशिरा, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. मेंदूच्या गाठीसाठीच्या टेमोझोलोमाइडमध्ये तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तर लोमस्टिनमध्ये चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. ब्लड कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यातल्या उपचारांत काउंट कित्येक आठवडे तळालाच राहू शकतो. सुटी घेताना डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: 'या औषधात प्लेटलेट कोणत्या दिवशी सगळ्यात कमी असतील?' उत्तर मिळालं की ते दिवस लाल पेनाने वेढा. लग्न, प्रवास, दात काढणं, शेतातली कामं, काहीही त्या चौकटीत ठेवू नका.

रिपोर्ट वाचताना

नॉर्मल काउंट दीड ते साडेचार लाख. गोंधळ होतो तो आकडा लिहिण्याच्या पद्धतीने. एक लॅब २२,००० छापते, दुसरी ०.२२ लाख, तिसरी नुसतं २२ छापून हजाराचं एकक बाजूच्या रकान्यात बारीक अक्षरांत ठेवते. तिन्हींचा अर्थ एकच. ०.२२ लाख घाईत २.२ लाख वाचला गेला तर निम्मी रात्र निवांत झोपेत जाते, आणि सगळी भीती तिथेच आहे. फोनवर 'बावीस' म्हणू नका, 'बावीस हजार' म्हणा आणि रिपोर्टचा फोटो पाठवा.

पुढची केमो द्यायला सहसा एक लाखाच्या वर काउंट हवा असतो. काही औषधांत ७५ हजारांवरही देतात. ५० हजारांच्या वर आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही आणि बऱ्याच लहानमोठ्या शस्त्रक्रिया तेवढ्यावर होतात. मेंदू किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर एक लाख लागतात. ५० ते २० हजारांमध्ये मार लागला, कापलं, पडलं तर रक्त थांबायला वेळ लागतो. २० हजारांखाली काही न लागताही ते येऊ शकतं. १० हजारांखाली गेल्यावर रक्तस्राव नसला तरी प्लेटलेट चढवतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर ही मर्यादा २० हजारांवर नेतात, कारण तापात प्लेटलेट लवकर खर्च होतात.

पण एकटा आकडा फार काही सांगत नाही. सोळाव्या दिवशी १८ हजार असतील, कालच्या १२ वरून चढलेले असतील आणि ताप नसेल, तर डॉक्टर कदाचित नुसती वाट पाहतील. नवव्या दिवशी ३५ हजार असतील, परवाच्या ९० वरून घसरलेले असतील आणि शौचाला काळी होत असेल, तर तो माणूस पहिल्यापेक्षा जास्त धोक्यात आहे. म्हणून वहीत चार रकाने ठेवा: सायकलचा, म्हणजे केमोच्या फेरीचा, कितवा दिवस, प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि ताप. हिमोग्लोबिन यात का, तर लाल पेशी प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलत राहतात. रक्त फार पातळ झालं की आहेत त्या प्लेटलेटही प्रवाहाच्या मध्येच वाहत राहतात, भोकाजवळ पोहोचत नाहीत.

काउंट अगदीच अनपेक्षित कमी आला, अंगावर एकही डाग नाही आणि रक्तही कुठून येत नाही, तर एक शक्यता तपासून घ्या. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीच्या, जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट नळीतच गुठळ्या करून बसतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. पॅथॉलॉजिस्टने काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की हे कळतं. मग निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेतात आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणतात.

केमो चालू आहे म्हणजे प्लेटलेट केमोमुळेच उतरल्या, असं विदर्भात तरी धरून चालता येत नाही. गडचिरोली, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आहे आणि पावसाळा सरताना नागपुरात डेंगी. दोन्हींत प्लेटलेट घसरतात. केमोचा तळ ठरलेल्या दिवसांत येतो आणि बहुधा पांढऱ्या पेशीही सोबत उतरतात. पाचव्याच दिवशी काउंट कोसळला, थंडी वाजून ताप आला, किंवा बाकी पेशी ठीक असून फक्त प्लेटलेट पडल्या, तर मलेरियाची स्मिअर आणि डेंगीची तपासणी करा, असं स्वतःहून म्हणा. पोर्ट, म्हणजे केमोसाठी त्वचेखाली बसवलेली डबी, धुण्यासाठी वापरलेलं हेपॅरिन हे रक्त न गोठू देणारं औषधही क्वचित कारण असतं. ते डॉक्टरांनी शोधायचं, पण पोर्ट कधी धुतला ती तारीख तुमच्या वहीत असू द्या.

नाक, तोंड, पोट

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा धडधाकट पोरांचाही घोळणा फुटतो. नाकाच्या पुढच्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. ते कोरडं पडून तडकतं. लाल चौकटीतल्या दिवसांत दिवसातून तीन-चार वेळा नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब टाका. नाक जोराने शिंकरायचं नाही, खपली बोटाने काढायची नाही. एसी हवा कोरडी करतो, त्या मानाने कूलर बरा. पण कूलरच्या टाकीतच डेंगीचे डास वाढतात, तेव्हा टाकी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण रिकामी करून घासा.

घोळणा फुटलाच तर असं करा. रोग्याला खुर्चीत ताठ बसवा आणि मान थोडी पुढे झुकवा. डोकं मागे टाकायचं नाही, नाहीतर रक्त घशात उतरतं, उलटी होते आणि किती गेलं ते कळत नाही. अंगठा आणि तर्जनीने नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबा. श्वास तोंडाने. समोर घड्याळ ठेवा आणि पूर्ण १० मिनिटं बोटं सोडू नका. बहुतेकांची चूक इथे होते. दर मिनिटाला 'थांबलं का' म्हणून बोटं काढून पाहतात आणि नुकती धरलेली गुठळी सुटते. तोंडात आलेलं रक्त गिळू नका, वाटीत थुंका. कपड्यात गुंडाळलेला बर्फ नाकाच्या वरच्या भागावर धरता येतो. दहा मिनिटांत थांबलं नाही तर आणखी दहा मिनिटं दाबा, पण तोवर कोणीतरी गाडी काढलेली असू द्या. वीस मिनिटांवर गेलं की ते घरचं काम राहिलं नाही. कापसाचे बोळे कोंबू नका, ते काढताना खपली निघते. फोडलेला कांदा हुंगवणं, दुर्वांचा रस नाकात पिळणं, यातलं काहीही या दिवसांत नको, कारण पांढऱ्या पेशीही कमी असतात आणि कच्च्या रसातून जंतू जातात.

तोंडासाठी अगदी मऊ ब्रश, तोही लहान मुलांचा चालेल. हिरड्यांतून रक्त यायला लागलं की ब्रशही बंद, ओल्या गॉजने दात पुसा. एक ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा. स्पिरिटवाले माउथवॉश, कडुनिंबाची काडी, मिश्री, टूथपिक बंद. खर्रा तर बंदच. नागपूरकरांना हे सांगावं लागतं आणि सांगूनही पानठेल्यावर पाय वळतो. चुन्यात घोटलेली तंबाखू आणि सुपारीचे कडक तुकडे आधीच सोललेल्या तोंडाला कापत जातात, आणि तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळे झाला असेल तीच वस्तू परत तिथेच ठेवली जाते.

खाण्यात मसाल्याने प्लेटलेट कमी होत नाहीत, पण सावजी रस्सा आणि तर्री तोंडातल्या फोडांना झोंबते. कडक भाकर, शेव, भाजलेले चणे, मुरमुऱ्याचा चिवडा हिरड्या खरचटवतात. मऊ भात-वरण, आंबील, दुधात भिजवलेली पोळी, उकडलेलं अंडं, असं चालवा. गरम गरम नको, कोमट.

बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष होतं. उलट्यांच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्या पोट घट्ट करतात, माणूस कुंथतो आणि खालून रक्त येतं. पाणी भरपूर, आणि डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, चार दिवस वाट पाहून नाही. एनिमा, गुदद्वारातून ठेवायची गोळी किंवा थर्मामीटर नको. शौच काळी झाली तर लोहाची गोळी चालू आहे का ते आधी आठवा. लोहाने ती काळपट-हिरवी पण बांधलेली होते. पोटातल्या रक्ताने ती डांबरासारखी चिकट होते आणि वास वेगळाच, एकदा आला की विसरत नाही.

पाळी येणाऱ्या स्त्रियांनी केमो सुरू होण्यापूर्वीच विषय काढावा. प्लेटलेट तळाला असताना पाळी आली तर ती दहा-दहा दिवस थांबत नाही. पाळी लांबवण्याच्या गोळ्या असतात आणि त्या आधी सुरू केल्या तरच कामाच्या. संकोचाने हा प्रश्न राहून जातो आणि मग रक्त चढवावं लागतं. पाळी चालू असेल तर दिवसाला किती पॅड भिजले ते मोजा. तासाला एक भरत असेल तर थांबू नका.

घरात विळीवरचं सोलणं आणि चिरणं दुसऱ्या कोणाकडे. दाढीला वस्तरा नाही, ट्रिमर. अंगणातही चप्पल. डबलसीट बसणं टाळा, आणि संक्रांतीच्या आधीच्या दिवसांत तर मुळीच नको. नायलॉन मांजाने गळा चिरल्याच्या बातम्या या शहरात दरवर्षी येतात.

औषधांमधले दोन खड्डे

ताप आला, अंग दुखलं की गावच्या दवाखान्यात कमरेत डायक्लोफेनॅकची सुई टोचली जाते. त्यात एकदम दोन चुका होतात. डायक्लोफेनॅक उरलेल्या प्लेटलेटना निकामी करतं आणि स्नायूत टोचलेल्या जागी आत रक्त साचून गोळा होतो. ॲस्पिरिनचा परिणाम तर त्या प्लेटलेटच्या मरणापर्यंत टिकतो. आयब्युप्रोफेनही नको. म्हणून खिशात ठेवायला एक चिठ्ठी लिहा: 'केमो चालू आहे. स्नायूत इंजेक्शन देऊ नका. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. आधी या नंबरवर फोन करा.' खाली आपल्या वॉर्डाचा नंबर. पॅरासिटामॉल रक्तस्राव वाढवत नाही, पण ताप मोजल्याशिवाय घेतलं तर ताप झाकला जातो. आधी थर्मामीटर. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर आधी फोन, मग गोळी. हृदयात स्टेंट असलेल्यांनी किंवा पायातल्या गुठळीसाठी रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असलेल्यांनी मनाने काहीही बंद करू नये. ५० हजारांखाली काउंट गेल्याचं कळवलं की डोस कमी करायचा की थांबवायचा ते डॉक्टर ठरवतात. हातातून रक्त काढल्यावर त्या जागी ५ ते १० मिनिटं सरळ हाताने दाबून धरा. कोपर दुमडून धरलं की आत निळं पडतं.

दुसरा खड्डा पपईच्या पानांचा. डेंगीमुळे हा रस घराघरांत पोहोचला. डेंगीत प्लेटलेट रोग ओसरल्यावर आपोआप चढतात आणि श्रेय पानाला जातं. केमोत मगजच थांबलेला असतो. रसाने तो सुरू होतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि केमो चालू असताना यकृताला आणखी एक अनोळखी ओझं देण्यात अर्थ नाही. गुळवेलीचंही तेच, तिच्यामुळे यकृताला इजा झालेले रोगी नोंदवले गेले आहेत. किवी, ड्रॅगनफ्रूट खुशाल खा, फळ म्हणून. बकरीचं दूध उकळूनच.

आणखी एक घोळ. केमोनंतर दुसऱ्या दिवशी पोटावर टोचायचं महागडं इंजेक्शन पांढऱ्या पेशींसाठी असतं. त्याने प्लेटलेट वाढत नाहीत. प्लेटलेटसाठी रोमिप्लोस्टिम नावाचं आठवड्याला एकदा त्वचेखाली द्यायचं औषध काही निवडक रोग्यांत वापरतात. बाकीच्यांत केमो एक आठवडा पुढे ढकलणं किंवा डोस कमी करणं हाच मार्ग. ढकलली म्हणजे उपचार फसला असं नाही.

दाते आणि पिशव्या

प्लेटलेट दोन प्रकारे मिळतात. एका दात्याने दिलेल्या नेहमीच्या रक्ताच्या पिशवीतून वेगळी केलेली ती आरडीपी. ही साधारण ५० मिलीची असते, एक पिशवी मोठ्या माणसाचा काउंट ५ ते १० हजारांनी वाढवते आणि बहुधा चार ते सहा एकदम लागतात. एकाच दात्याला मशीनला जोडून काढतात ती एसडीपी. २०० ते ३०० मिली, एका पिशवीने ३० ते ५० हजार. आरडीपीची पिशवी काही शेकड्यांत मिळते, एसडीपी हजारांत जाते. रक्त थांबवायचं काम दोन्ही सारखंच करतात. एसडीपीचा फायदा असा की एकाच दात्याचं रक्त अंगात जातं, त्यामुळे ज्याला वारंवार लागणार आहे त्याला ती बरी. एकदाच लागणार असेल आणि रक्तपेढीत आरडीपी तयार असेल, तर रात्री दोन वाजता एसडीपीच्या हट्टापायी दाता शोधत फिरण्यात शहाणपण नाही.

प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ट्रेवर ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात. त्यामुळे कोणतीच रक्तपेढी मोठा साठा करू शकत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात. ऑगस्टपासून डेंगीचे रोगी रांगेत येतात. तुमची लाल चौकट या काळात येत असेल तर तीन-चार दाते आधीच हेरून ठेवा. दाता १८ ते ६० वयाचा, ५० किलोंपेक्षा जास्त वजनाचा, स्वतःचा काउंट दीड लाखाच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५, मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेला आणि कोपराच्या घडीत जाड शीर असलेला हवा. शेवटची अट ऐनवेळी सगळ्यात जास्त लोकांना परत पाठवते. मशीनवर तासभर ते दीड तास, पण आधीच्या तपासण्या धरून निम्मा दिवस मोडतो, म्हणून सकाळीच बोलवा आणि जेवून या म्हणावं. ओठांभोवती मुंग्या आल्या तर तंत्रज्ञाला सांगायचं, ते रक्त न गोठण्याच्या द्रवामुळे कॅल्शियम उतरल्याने होतं. तोच दाता ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, आठवड्यात दोनदा, वर्षात २४ वेळा. ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर जवळच्या पेढ्यांचा साठा दिसतो, तरी निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा.

सख्ख्या भावाने धावत येऊन हात पुढे करणं स्वाभाविक आहे, पण रोग्याला पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांट लागण्याची शक्यता असेल तर रक्ताच्या नात्यातल्यांच्या प्लेटलेट टाळतात. त्या भावाच्या पेशींविरुद्ध आधीच प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार झाली तर नंतर त्याचाच मगज नाकारला जाऊ शकतो. नाइलाजाने नातेवाइकाची पिशवी वापरायचीच असेल तर ती किरणोत्सर्गातून काढलेली, म्हणजे इरॅडिएटेड, असावी लागते.

पिशवी पेढीतून वॉर्डात आणायचं काम तुमच्यावर आलं तर बर्फात ठेवू नका. लाल रक्ताची सवय असलेले लोक आइसबॉक्स घेऊन येतात. थंडीत प्लेटलेटचा आकार बिघडतो आणि अंगात गेल्यावर त्या लगेच गाळल्या जातात. मे महिन्यात गाडीच्या डिकीतही नको. कापडी पिशवीत, आडवी, एसी गाडीत, मध्ये कुठे न थांबता. वॉर्डात नाव, गट, पिशवीचा नंबर आणि मुदत नर्सबरोबर वाचा. मग पिशवी खिडकीच्या उजेडात धरून हळूच हलवा. फिकट पिवळ्या द्रवात दुधाच्या लाटांसारखी चमक फिरताना दिसली तर प्लेटलेट जिवंत आहेत. चमक नसेल, गुठळ्या असतील, तर चढवण्यापूर्वी विचारा. फिल्टरचा नवा सेट लागतो. पिशवी साधारण अर्ध्या ते एक तासात जाते. पहिली पंधरा मिनिटं रोग्याजवळ बसा. हुडहुडी, अंगावर गांधी, छातीत घट्टपणा वाटला तर लगेच नर्सला हाक मारून पिशवी थांबवायला सांगा.

चढवून संपल्यावर तासाभरात पुन्हा काउंट करायला सांगा. दोन वेळा, गट जुळवून, ताज्या प्लेटलेट देऊनही आकडा हलला नाही, तर तिसरी पिशवी आणायला पळण्याआधी कारण शोधायला हवं. ताप, वाढलेली प्लीहा किंवा प्रतिपिंडं. प्रतिपिंडं असतील तर एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळणारा दाता लागतो.

रात्रीच निघायचं तेव्हा

पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, दाबून पुसट होत नाहीत, तर ते सकाळी कळवून सीबीसी करायचं. तोंडात आतून काळे-लाल फोड आले तर त्याच दिवशी. वीस मिनिटं न थांबणारं रक्त, लघवीत रक्त, डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, एकाएकी जोराची डोकेदुखी, धूसर दिसणं, बोलण्यात गोंधळ, झोपेतून नीट न उठणं, किंवा डोक्याला मार लागणं, बाहेरून काही दिसत नसलं तरी, यात सकाळ होईपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा. गडचिरोलीहून नागपूर साधारण १७० किलोमीटर आहे, म्हणून आधी जवळच्या जिल्हा रुग्णालयात जायचं आणि तिथून पुढे. निघतानाच नागपूरच्या वॉर्डाला रक्तगट आणि शेवटचा काउंट कळवा, म्हणजे तुम्ही वाटेत असतानाच पिशवीची मागणी जाते. रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या घरात असतील तरी विचारल्याशिवाय घेऊ नका. लघवीत रक्त असताना त्यांनी मूत्रमार्गातच गुठळी अडकते.

पुढच्या सायकलच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी करून रिपोर्ट डे-केअरला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि होकार आल्यावरच एसटीचं तिकीट काढा. ७० हजारांचा काउंट घेऊन नागपूरला येऊन, तसंच परत जाण्यात दोन दिवस आणि दोघांचं भाडं जातं.